काळ्या पाण्यावरची मेरी

मेरी रायबी ही इंग्लंडातली पोर. तिला आजीने वाढवले. १७९० साली घोडा चोरल्याबद्दल तिला पकडले. तेव्हा ती तेरा वर्षांची होती. अंगावर मुलाचा वेष होता. कोर्टाने सात वर्षे काळ्या पाण्याची सजा दिली. गलबतात घालून तिला ऑस्ट्रेलियात धाडले.

१७९२ साली ती सिडनीला पोचली. तिला लिहिता येत होते. तिने घरी पत्र लिहिले. ते पत्र आजही जपून ठेवले आहे.

पुढे तिचे लग्न झाले. सात मुले झाली. १८११ साली नवरा वारला. मेरी रडत बसली नाही. दुकान, गोदामे, गलबते, सगळा कारभार तिने सांभाळला. १८५५ साली ती वारली. आज ऑस्ट्रेलियाच्या वीस डॉलरच्या नोटेवर तिचे चित्र आहे.

मंडळी, सजा भोगून कोणी गावात परतला, तर त्याला काम द्याल ना?