डावीकडची कळ

मे महिन्याच्या सुटीत सुधीर गावी गेला, तेव्हा त्याने हातात धरून खेळायचे आपले व्हिडिओ गेमचे यंत्र पंधरा दिवसांसाठी माझ्या स्वाधीन केले. "नीट सांभाळ," एवढेच तो म्हणाला. बारा दिवस मी मनसोक्त खेळलो. तेराव्या दिवशी पडद्यावरचा माझा वीर एका भिंतीपाशी जो अडला, तो डावीकडे वळेचना. मी कळ दाबली, जोराने दाबली, अंगठा पांढरा पडेपर्यंत दाबली. वर, खाली, उजवीकडे तो बिनतक्रार जाई. डावीकडे मात्र नाही. सुधीर परवा परत यायचा होता. माझ्या पोटात गोळा उठला.

शेवटी मी मामांपाशी गेलो. मामा एका कारखान्यात यंत्रांची देखभाल करीत.

"जोराने दाबून काही उपयोग झाला का?" त्यांनी विचारले.

"नाही."

"मग झीज तेवढी वाढली असेल. बैस इथे. आधी सेल काढ. वीज आत असताना यंत्र उघडायचे नाही."

मामांनी वर्तमानपत्र अंथरले आणि कागदावर यंत्राच्या पाठीचे चित्र काढले. निघालेला प्रत्येक स्क्रू ते त्या चित्रातील त्याच्या जागी ठेवू लागले. मला हसू आले. पण स्क्रू दोन प्रकारचे निघाले, काही लांब तर काही आखूड! "लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या जागी पिळलास, तर आतली पाटी फुटेल," मामा म्हणाले. दोन्ही कवचे त्यांनी हलकेच विलग केली, कारण त्यांना जोडणारी तारांची पट्टी कागदासारखी पातळ होती.

कळ अधिक चिन्हाच्या आकाराची होती. या कळेची मूळ कल्पना जपानमधील गुनपेई योकोई यांची. क्योतो शहरातील निंटेंडो कंपनीत ते 1965 साली लागले, ते पत्ते तयार करणाऱ्या यंत्रांची देखभाल करण्यासाठी! पुढे 1982 साली 'डाँकी काँग' या हातात मावणाऱ्या खेळावर त्यांची ही कळ प्रथम आली. हे सांगताना मामांचा चेहरा खुलला होता. योकोई जणू त्यांच्याच खात्यातले.

कळेखाली रबराची एक चकती होती. तिच्यावर चार फुगीर घुमट आणि प्रत्येक घुमटाच्या पोटात एक काळा ठिपका. त्याच्याखाली, हिरव्या पाटीवर, दोन फण्यांचे दात एकमेकांत शिरावेत तशा रेषा होत्या. परंतु त्या एकमेकींना कोठेही शिवत नव्हत्या.

"रबरातून वीज जात नाही ना?" मी विचारले.

"साध्या रबरातून नाही. या ठिपक्यात कार्बन मिसळलेला असतो. कळ दाबली की ठिपका दोन्ही फण्यांवर टेकतो, वीज एकीतून दुसरीत जाते आणि यंत्राला कळते, की डावीकडे वळायचे आहे. ठिपका झिजला किंवा मळला, की वाट बंद."

मामांनी खिडकी उघडली. कापूस गुंडाळलेली काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित बुडवून त्यांनी पाटीवरील रेषा पुसल्या. कापूस काळा झाला. सारे वाळल्यावर यंत्र पुन्हा जोडले, सेल घातले. वीर दहा वेळा दाबल्यावर एकदा वळला!

मी हिरमुसलो, मामा मात्र विचारात पडले. "दोष आता पाटीत आहे की रबरात?" असे म्हणून त्यांनी यंत्र पुन्हा उघडले. चकती चारही बाजूंनी सारखी होती. ती त्यांनी अर्धी फिरवली, म्हणजे डावा ठिपका उजवीकडे गेला. यंत्र जोडून मी कळ दाबली. वीर डावीकडे धावत सुटला आणि उजवीकडे जाईना! दोष ठिपक्याबरोबर फिरला होता. पाटी निर्दोष होती. इतका सोपा प्रश्न यंत्रालाच विचारता येतो, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हते.

उपाय माझ्या कंपासपेटीत निघाला. पेन्सिलीच्या शिशात ग्रॅफाइट असते आणि ग्रॅफाइट हे कार्बनचेच रूप. मऊ पेन्सिलीने मी तो झिजलेला ठिपका अलगद घोटला. उडालेली भुकटी मामांनी पुसून घेतली. ती पाटीवर पडली असती, तर नको तेथे वाट झाली असती. पॉलिश कागदाने ठिपका घासू का, असे मी विचारले, तेव्हा ते जवळजवळ ओरडलेच, "उरलासुरला थरही जाईल!"

या वेळी वीर चारही दिशांना गेला. "हे तात्पुरते आहे," मामांनी बजावले. "रविवारी तपकीर गल्लीत नवे रबर मिळते का पाहू."

सुधीर आला, तेव्हा मी त्याला सारे सांगितले. यंत्र उघडले होते, हेही सांगितले. तो गप्पच राहिला. त्याने कळ दाबून पाहिली, पुन्हा पुन्हा पाहिली. तेवढ्यात त्याची आई म्हणाली, "आमच्या टीव्हीच्या रिमोटचे एक बटण महिनाभर चालत नाही. त्यातही असेच रबर असते का रे?"

"असते, काकू," मी म्हणालो आणि वळून पाहिले, तो सुधीर स्क्रू ड्रायव्हर घेऊन रिमोट उघडायच्या बेतात होता.

"अरे, आधी सेल काढ!" मी ओरडलो.