जुन्या कौलारू घराचे पर्यटक-निवासात रूपांतर

कोकणातील अनेक गावांत आज असे दृश्य आढळते की, पूर्वजांनी जांभ्या दगडात बांधलेले प्रशस्त घर उभे आहे, परंतु त्यात राहणारी माणसे दोन किंवा तीनच उरली आहेत. उरलेले कुटुंब मुंबईस नोकरीधंद्यानिमित्त असते व गणपतीस तेवढे गावी येते. दरवर्षी कौले परतण्याचा खर्च मात्र चुकत नाही. अशा घराचा एक भाग सुटीकरिता येणाऱ्या पाहुण्यांस राहण्यायोग्य करून शेतीस पूरक उत्पन्न मिळविता येईल काय, ही विचारणा शेतकरी बंधूंकडून वारंवार होते. दापोली तालुक्यातील एका कुटुंबाने हे काम कसे केले ते येथे देत आहोत. गावपातळीवरील कार्यकर्त्यांस सल्ला देताना त्याचा उपयोग व्हावा.

या कुटुंबात वृद्ध आई, गावी आंबा, काजू व भातशेती पाहणारा थोरला मुलगा व त्याची पत्नी, मुंबईस असणारा धाकटा मुलगा आणि लग्न होऊन सासरी गेलेली मुलगी अशी माणसे आहेत. दिनांक 3 जून 2020 रोजी रायगडच्या किनाऱ्यावर निसर्ग चक्रीवादळ आदळले, तेव्हा मंडणगड व दापोली या तालुक्यांसही त्याचा तडाखा बसला. या घराच्या पश्चिमेकडील पाखाची कौले उडाली व ती बाजू घाईने पन्हळी पत्र्याने झाकण्यात आली. पुढे घर पाडून स्लॅबची इमारत बांधावी, असे धाकट्याचे मत पडले. थोरल्याचे म्हणणे असे की, त्यासाठी काढावे लागणारे कर्ज बागेच्या उत्पन्नातून फिटणार नाही व एक हंगाम बुडाला तर बागच विकावी लागेल. तेव्हा आहे तेच घर दुरुस्त करावयाचे व चारांपैकी दोनच खोल्या पाहुण्यांसाठी ठेवावयाच्या, असे ठरले.

दगडास हात लावण्यापूर्वी कागद पाहणे इष्ट. ग्रामपंचायतीच्या कर आकारणीच्या उताऱ्यावर घर अद्याप वारलेल्या वडिलांच्या नावे होते. सन 2005 च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीचाही मुलाइतकाच हक्क मान्य झालेला आहे. म्हणून सासरी गेलेल्या बहिणीस वगळून केलेली व्यवस्था टिकत नाही. या कुटुंबाने प्रथम सर्व वारसांची नोंद करून घेतली व खर्च कोणी किती घालावा, उत्पन्न कसे वाटावे हे लिहून सर्वांच्या सह्या घेतल्या. आपल्याकडे घरे वाळवीने जितकी पडतात, तितकीच भाऊबंदकीनेही पडतात, हे कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावे. घर भरतीरेषेपासून 500 मीटरांच्या आत असेल तर किनारा नियमन क्षेत्राचे निर्बंध लागू होतात. त्याची चौकशी आधीच करावी. महाराष्ट्र शासनाने सन 2020 मध्ये कृषी पर्यटन धोरण जाहीर केले असून त्याखालील नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. या घराची मुख्य तक्रार ओलीची होती. भिंतींचा खालचा दोन-अडीच हात भाग पावसाळ्यात काळा पडे व गिलाव्याचे पोपडे सुटत. ओल कोठून येते हे भर पावसात, श्रावणाच्या सुमारास, भिंतीवर कोळशाने रेघा ओढून पाहावे. उन्हाळ्यात केलेले निदान बहुधा चुकते. येथे दोन कारणे सापडली. वर्षानुवर्षे माती पडून परसाकडील जमीन जोत्याच्या बरोबरीस आली होती, त्यामुळे पागोळ्यांचे पाणी थेट भिंतीत मुरे. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. मागे कधी तरी भिंतीच्या खालच्या भागास सिमेंटचा गिलावा केलेला होता. जांभा हा सच्छिद्र दगड आहे. तो पाणी शोषतो व ऊन पडताच सोडतो. त्यावर सिमेंटचा घट्ट थर बसला की आत शिरलेल्या पाण्यास बाहेर पडण्यास वाट राहत नाही व ते भिंतीत वर चढू लागते. चुन्याचा गिलावा मात्र बाष्पास वाट देतो. वरून मजबूत दिसणारी वस्तू जुन्या घरास अपायकारक ठरते, ती अशी.

म्हणून सिमेंट काळजीपूर्वक खरवडून काढले, जोत्याभोवतीची माती एक हात खाली उतरविली व पाणी वाहून नेणारा उताराचा चर खणला. नंतर भिंती एक उन्हाळाभर उघड्याच वाळू दिल्या. धाकट्यास हा विलंब पसंत नव्हता. परंतु ओल्या भिंतीवर केलेला कोणताही गिलावा टिकत नाही. पुढील दिवाळीनंतर एक भाग चुना व तीन भाग वाळू या प्रमाणात गिलावा केला. समुद्रकाठची वाळू फुकट मिळते म्हणून वापरू नये. तिच्यातील क्षार हवेतील दमटपणा ओढून घेतात. चुनकळी विझविताना पाणी उकळते व डोळ्यांस इजा होऊ शकते. मुलांस दूर ठेवावे.

छपराचे काम भिंतींच्या आधी, पावसाळा तोंडावर येण्यापूर्वी पुरे करावे लागते. मंगळुरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनने मंगळूर येथे सन 1865 मध्ये काढला. ती कौले चांगली भाजलेली असल्यास पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. प्रत्येक कौल बोटाने वाजवून पाहावे. खणखणीत वाजले तर ठेवावे, बद्द वाजले तर काढावे. दर चौरस मीटरास सुमारे 15 कौले लागतात, यावरून नव्यांचा हिशेब करता येतो. पत्रे काढून टाकले. पत्र्याखालची खोली वैशाखात भट्टी होते व पावसात बोलणे ऐकू येत नाही. असा पाहुणा दुसऱ्यांदा येत नाही. कडेच्या रांगांतील कौले त्यांच्या छिद्रातून तार ओवून रिपांस बांधली, कारण वादळ छपरास प्रथम कडेनेच उचलते. वाळवी लागलेले वासे बदलून फणसाचे घातले व त्यांस काजूच्या टरफलांचे तेल लावले. या तेलाने कातडीस फोड येतात. हातमोजे अवश्य घालावेत.

शौचालयांची संख्या वाढते, तेव्हा विहिरीची काळजी वाढते. शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून निदान 18 मीटर दूर हवा. जांभ्याच्या जमिनीत भेगांतून पाणी वेगाने जाते, म्हणून तो शक्य तितका अधिक दूर व विहिरीच्या खालच्या अंगास घ्यावा. न्हाणीचे पाणी केळीस सोडले आहे. विहिरीत दर 1,000 लिटर पाण्यास 2.5 ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर पुरते. व्यास 3 मीटर व पाणी 4 मीटर खोल असल्यास सुमारे 28,000 लिटर पाणी होते. त्यास 70 ग्रॅम लागेल. पावडर बादलीत कालवून, गाळ खाली बसू देऊन वरचे पाणी विहिरीत सोडावे व एक तास उपसा करू नये.

शेवटी मनुष्यबळाचा प्रश्न येतो व तोच सर्वांत अवघड आहे. शाळांच्या सुट्या एप्रिल-मे महिन्यांत असतात, आणि हापूसची तोडणीही त्याच दिवसांत येते. पहिल्या वर्षी घरची सून पहाटे पाहुण्यांचा चहा व दिवसा आंब्यांची भरणी अशा दुहेरी कामाने आजारी पडली. तेव्हापासून या दोन महिन्यांत एकच खोली देतात, स्वयंपाकास शेजारच्या एका बाईंस रोजावर बोलावितात, आणि पाहुण्यांस आढीतील आंबा घरीच विकतात, जेणेकरून तेवढ्या मालाची दलाली वाचते. भातलावणीच्या दिवसांत येणारे पाहुणे स्वतः चिखलात उतरू इच्छितात. त्यांस एक लहानसा खाचर वेगळा ठेवला आहे, कारण त्यांनी लाविलेली रोपे बहुधा पुन्हा लावावी लागतात. ओटी, देवघर व आईची खोली पाहुण्यांस दिली जात नाही. गणपतीचे दिवस कोणत्याही भाड्यास मिळत नाहीत. त्या दिवसांत मुंबईची व सासरची मंडळी येतात आणि दोन्ही खोल्या त्यांच्याच असतात, ही अट वाटणीच्या कागदावर आईच्या सांगण्यावरून पहिल्या ओळीतच लिहिलेली आहे.