राजीनाम्याआधी चार शब्द

चिंचवड

चि. सोनू हिस,


तुझे पत्र पोचले. व्यावसायिक नाटकात भूमिका मिळते आहे, दौऱ्यासाठी पूर्ण वेळ मागताहेत, तर चाकणची नोकरी सोडू का, असे विचारतेस. दादाचे म्हणणेही कळवलेस. कामगार नाट्यस्पर्धेपुरती हौस ठीक, पण चांगल्या घरातल्या मुलीने नाटकावर पोट भरू नये, असे तो म्हणतो. माझा सल्ला देते, पण त्याआधी कमलाबाई गोखले यांच्याविषयी लिहिते. तुम्हा दोघांचेही प्रश्न त्या बाईंनी आयुष्यभर अंगावर घेतले होते.

कमलाबाईंचा जन्म १९०० सालचा. आई दुर्गाबाई कामत नवऱ्यापासून वेगळ्या झाल्या, तेव्हा पदरात ही लहान मुलगी होती. एकट्या बाईने मानाने चार पैसे मिळवावेत अशा वाटा त्या काळी जवळजवळ नव्हत्याच. दुर्गाबाईंनी फिरती नाटक कंपनी धरली. लोक काय म्हणतील हे त्यांना ठाऊक नव्हते असे नाही, पण लोक मुलीला जेवू घालणार नव्हते. कमलाबाईंचे बालपण कंपनीच्या बिऱ्हाडात गेले आणि कळत्या वयाच्या आधीच त्या रंगमंचावर उभ्या राहिल्या.

१९१३ साली दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ दाखवला, त्यात तारामती झाले होते अण्णा साळुंके. बाई मिळावी म्हणून फाळक्यांनी पुष्कळ शोध केला, पण एकही टिकली नाही. पुढच्या ‘मोहिनी भस्मासुर’साठी मात्र या मायलेकी उभ्या राहिल्या. दुर्गाबाई पार्वती झाल्या आणि तेरा वर्षांच्या कमलाबाई मोहिनी. भारतीय चित्रपटातल्या पहिल्या स्त्री-कलावंत म्हणून आज त्यांची नावे घेतली जातात. त्याच १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी सुरू झाली. तिथे स्त्रीभूमिका करणाऱ्या बालगंधर्वांचे लुगडे नेसणे, चालणे, लाजणे बघून घराघरातल्या बायका ते उचलत. स्त्रीची भूमिका उत्तम करतो तो पुरुषच, असे मानणाऱ्या त्या काळात ही पोर कॅमेऱ्यापुढे गेली.

तिथे तिला काय करावे लागले याचा अभिनेत्री म्हणून विचार कर. चित्रपट मूक, म्हणजे आवाजाचा आधार नाही. मोहिनीच्या नाचामागोमाग भस्मासुर नाचतो आणि तिच्यासारखाच स्वतःच्या डोक्यावर हात ठेवून भस्म होतो. ही सगळी गोष्ट हातांतून, मानेतून, नजरेतून कळायला हवी. चित्रीकरण उन्हाच्या उजेडात, तेव्हा डोळे बारीक करून चालत नसे. आणि नाटकाला परत आले की सगळे उलटे. तिथे ध्वनिक्षेपक नाही, शब्द आणि सूर शेवटच्या रांगेपर्यंत गळ्यानेच पोचवायचे. ही दोन्ही शास्त्रे त्या लहानपणीच काम करता करता शिकल्या.

पुढे चित्ताकर्षक नाटक मंडळीतल्या रघुनाथराव गोखल्यांशी त्यांचे लग्न झाले आणि ऐन पंचविशीत वैधव्य आले. लहान मुलांची जबाबदारी एकटीवर आली. त्या थांबल्या नाहीत. सगळ्या भूमिका बायकाच करतात अशा मंडळीत गेल्या, तिथे पुरुषपात्रेही उभी केली. बोलपट आले, तेही केले. १९८० च्या ‘गहराई’ चित्रपटापर्यंत त्यांचे काम चालू होते. मराठी रंगभूमीवर ‘आंधळ्यांची शाळा’ १९३३ साली आले आणि स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी करण्याला प्रतिष्ठा मिळू लागली. तोवर कमलाबाईंची वीस वर्षांहून अधिक चाकरी झालेली होती.

दादाला सांगण्यासारखे पुढचे आहे. नाटकावर पोसलेल्या त्या घरातून लालजी आणि सूर्यकांत हे तबलावादक निघाले, चंद्रकांत गोखल्यांसारखा नट निघाला. नातू विक्रम गोखले. ‘मोहिनी भस्मासुर’नंतर शंभर वर्षांनी, २०१३ साली, त्यांना ‘अनुमती’साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चांगले घर आणखी कसे असते?

आता तुझ्याविषयी. ‘मोहिनी भस्मासुर’ची प्रत आज उरलेली नाही. ज्या कामामुळे कमलाबाईंचे नाव इतिहासात गेले, ते आपण पाहू शकत नाही. पण त्यांचे घर चालले ते रोजच्या प्रयोगांवर, गावोगावच्या दौऱ्यांवर आणि तयार गळ्यावर. म्हणून नाव होईल का, हा प्रश्न तू आत्ता बाजूला ठेव. रात्रीचा प्रयोग करून सकाळी पुढच्या गावी तेच काम तितक्याच मनाने करता येईल का, हे स्वतःला विचार. शिफ्ट करून चाकणच्या बसने तालमीला येतेस, अंग मोडून आलेले असतानाही पाठांतर चुकवत नाहीस, हे मी पाहते. त्यामुळे माझा तुझ्यावर भरवसा आहे.

तरी राजीनामा आज देऊ नकोस. कमलाबाईंना नोकरी आणि नाटक यांतून निवडायची मुभाच नव्हती, तुला आहे. ती मुभा आई-बापांच्या कष्टांतून आली आहे, ती एका दुपारी उधळू नये. कंपनीत बिनपगारी रजा माग आणि नाटकाचा एक हंगाम पुरा कर. एका प्रयोगाची नाइट किती, तालमीच्या दिवसांचे पैसे धरणार का, दौऱ्यात मुलींची उतरण्याची सोय काय, हे करार लिहून होईपर्यंत विचारत राहा. विचारायला लाजू नकोस, हे तुझे काम आहे आणि कामाचा दाम ठरवूनच घ्यायचा असतो. रोज सकाळी अर्धा तास गळ्यासाठी काढ. आणि कधीतरी एक अख्खा प्रवेश शब्दांवाचून करून बघ. तोंड मिटल्यावर पात्राचे जे समोरच्याला कळते, तेवढेच तुझ्या शरीरात उतरले आहे असे समज.

हंगाम संपल्यावर काम चोख होत असेल आणि नाटकवाले तुला पुन्हा बोलावत असतील, तर नोकरी सोड. तेव्हा मी अडवणार नाही आणि दादाला अडवू देणार नाही. आपल्या पिंपरी-चिंचवडात शंभरावे नाट्यसंमेलन २०२४ च्या जानेवारीत थाटाने झाले. ज्या गावाने नाटकाचा इतका मान केला, तिथल्या मुलीला नाटक करण्यासाठी कोणापुढे मान खाली घालावी लागू नये. दादाशी मी रविवारी स्वतः बोलते. तू उद्याच रजेचा अर्ज दे.

तुझी,
आत्या