तुटलेला 'भ' : ई-मेलमधील एक चूक व तिची दुरुस्ती



'शाळेची वार्षिक सभा' असा विषय लिहून पालकांना ई-मेल पाठवला आणि पलीकडे 'स'पुढे नुसती प्रश्नचिन्हे उमटली, तर? असे का होते ते पाहू.

युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक अक्षर, काना, मात्रा, वेलांटी ३ बाइट घेते. मोकळी जागा १ बाइट. ई-मेलचा मराठी विषय सांकेतिक तुकड्यांत जातो. १९९६ च्या आरएफसी २०४७ नियमानुसार एक तुकडा ७५ चिन्हांहून मोठा नसावा. बेस-६४ संकेतात, खुणा वजा जाता, त्यात ४५ बाइट मावतात.

आता मोजा. शाळेची : १८, जागा : १, वार्षिक : २१, जागा : १, स : ३. झाले ४४. 'भ'चा एकच बाइट पहिल्या तुकड्यात, उरलेले दोन दुसऱ्यात. अक्षर तुटले! तुकड्यात अक्षर पूर्णच हवे, असेही तोच नियम सांगतो. म्हणून दुरुस्ती सोपी : ४४ वर थांबा.

ही दुरुस्ती ठेवायची कुठे? डेल्टा चॅट हे निरोपांचे अ‍ॅप ई-मेलवरच चालते. त्याच्या मोबाइल व संगणकावरील आवृत्त्या एकाच गाभ्याला ठरलेल्या आज्ञा देतात. या आज्ञांच्या संचाला एपीआय म्हणतात. गाभ्यात चूक एकदा सुधारली, की सर्वत्र सुधारते.

स्वाध्याय : 'हुबळी-धारवाड' किती बाइट? (जोडरेघ १ बाइट. उत्तर : ३४)