पहिली कादंबरी आणि सोबतीची लेखणी

पहिली कादंबरी बहुधा प्रतिभेअभावी नव्हे, एकाकीपणामुळे अपुरी राहते, असा आम्हा माजी विद्यार्थ्यांचा अनुभव आहे.

तत्कालीन सातारा, आजच्या सांगली जिल्ह्यातील वाटेगावी १९२० साली जन्मलेल्या अण्णा भाऊ साठे यांना शालेय शिक्षण जवळजवळ लाभलेच नाही. मात्र १९४४ साली अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह उभारलेल्या लाल बावटा कलापथकात त्यांच्या शब्दांना सोबती व श्रोते मिळाले. १९५९ साली ‘फकिरा’ प्रसिद्ध झाली. ती त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीस अर्पण केली.

आम्ही घेतलेला बोध असा : आठवड्यातून एकदा चौघांनी बसावे, प्रत्येकाने नवी दोन पाने वाचावीत. ऐकणाऱ्याने ‘पुढे काय झाले?’ एवढेच विचारावे. दोष अखेरच्या पानानंतर पाहावेत. वसतिगृहात एकत्र अभ्यास केलेल्यांना ही रीत परकी नाही. अपुरी वही पुन्हा उघडावी.