सात रस्ता

मुलांनो, मुंबईत भायखळा आणि महालक्ष्मी यांच्या दरम्यान एक चौक आहे. जुने लोक त्याला जेकब सर्कल म्हणत; आज त्याचे नाव संत गाडगे महाराज चौक असे आहे. पण बसमधला कोणीही उतारू तिकीट मागताना म्हणतो, "सात रस्ता." सात दिशांनी सात वाटा येतात आणि मधल्या गोल बेटाभोवती एकमेकींत मिसळतात. साने गुरुजी मार्ग, केशवराव खाड्ये मार्ग, डॉ. ई. मोझेस मार्ग, मौलाना आझाद मार्ग ही त्यांपैकी काहींची नावे. बस, टॅक्सी, मालमोटार, दुचाकी, हातगाडी आणि डोक्यावर ओझे घेतलेला पादचारी या सर्वांनाच तेथून जायचे असते, आणि प्रत्येकाला आधी जायचे असते.

अशी ठिकाणे आपल्या शहरात पुष्कळ आहेत. गिरगावातील ठाकूरद्वार नाका आणि प्रार्थना समाज ही जुन्या, अरुंद रस्त्यांची ठिकाणे. दादरचे खोदादाद सर्कल हे रुंद रस्त्यांवरचे. त्या भागाला लोक अजून 'दादर टी. टी.' म्हणतात. टी. टी. म्हणजे ट्राम टर्मिनस. मुंबईत 1874 साली घोड्यांची ट्राम सुरू झाली, 1907 साली विजेची ट्राम आली आणि 31 मार्च 1964 रोजी शेवटची ट्राम धावली. ट्राम गेली, रूळही गेले. चौकाने तेवढी तिची आठवण नावात जपून ठेवली आहे.

एकदा सायंकाळच्या वेळी मी सात रस्त्यावर पदपथावर उभा होतो. बेटाभोवती वाहनांचे चक्र फिरत होते. एका तोंडाने एक मोटार घाईने आत घुसली. तिच्यामागून दुसरी आली, दुसरीमागून तिसरी. आतल्या बसला ज्या वाटेने बाहेर पडायचे होते, ती वाट या मोटारींनी अडवली. बस थांबली, म्हणून तिच्यामागची टॅक्सी थांबली; टॅक्सी थांबली, म्हणून पलीकडची वाट बंद झाली. पाहता पाहता सारे चक्र जागच्या जागी गोठले. भोंग्यांनी कान किटले. पण एकही चाक हलेना.

तेवढ्यात मागून रुग्णवाहिकेचा आवाज ऐकू आला. जवळच साने गुरुजी मार्गावर कस्तुरबा रुग्णालय आहे; थोड्या अंतरावर नायर रुग्णालय आहे. आत कोण होते, हे कोणास ठाऊक नव्हते. परंतु प्रत्येक क्षण कोणाच्या तरी जिवाचा होता, हे सर्वांस कळत होते. कळत असूनही कोणी मागे सरेना. कारण आपण मागे सरलो तर ती जागा दुसरा घेईल, असे प्रत्येकाला वाटत होते.

त्या गर्दीत लोखंडी सळ्यांनी भरलेली हातगाडी घेऊन एक मजूर उभा होता. त्याने काही न बोलता पाय रोवले, छातीचा जोर लावला आणि ती जड गाडी हात-दोन हात मागे रेटली. मागच्या टॅक्सीवाल्याने ते पाहिले आणि तोही मागे सरला. मोकळ्या झालेल्या जागेतून बस बाहेर पडली. बसच्या मागची टॅक्सी सुटली. मग चक्र हळूहळू फिरू लागले आणि रुग्णवाहिका निघून गेली. मजुराने कपाळावरचा घाम पुसला आणि आपली गाडी पुन्हा पुढे ओढली. त्याचे आभार मानायला कोणी थांबले नाही.

मुलांनो, त्या मजुराने जे केले, ते केवळ सौजन्य नव्हते. त्यात एक शास्त्र आहे. दादर स्थानकावर लोकलच्या दाराशी काय होते, ते आठवा. उतरणाऱ्यांना आधी उतरू दिले, तर डब्यात जागा होते आणि चढणारे सुखाने चढतात. चढणारे आधी घुसले, तर उतरणारे आत अडकतात आणि चढणाऱ्यांनाही पाय ठेवायला जागा उरत नाही. गोल चौकाचेही तसेच आहे. आत असलेल्यास आधी बाहेर पडू द्यावे, म्हणजे चौक सतत रिकामा होत राहतो. बाहेरच्यास आधी आत घेतले, तर चौक भरतो आणि अखेर तुंबतो.

ही साधी गोष्ट जगाला उमगण्यास बराच काळ लागला. इंग्लंडमध्ये 1966 साली नियम झाला की, चौकात शिरणाऱ्याने आतल्या वाहनास वाट द्यावी. या नियमाच्या बळावर स्विंडन या गावी 1972 साली एक अद्भुत चौक उभा राहिला. एका मोठ्या वर्तुळाभोवती पाच लहान वर्तुळे असलेला तो चौक पाहून नवखा माणूस गांगरून जातो. परंतु वाहने तेथून सुरळीत जातात. उलट पॅरिस येथे भव्य विजयकमानीभोवती बारा रस्ते मिळतात, आणि तेथे शिरणाऱ्या वाहनास पहिला मान देण्याची जुनी रीत आजही चालू आहे. आतल्या वाहनांना जागोजागी थांबावे लागते, आणि तेथील गोंधळ जगप्रसिद्ध झाला आहे. आपल्या देशातही 2017 सालच्या वाहन चालविण्याच्या नियमांनी गोल चौकात आधीपासून असलेल्या वाहनासच अग्रक्रम दिला आहे. रुग्णवाहिकेस वाट न देणाऱ्यास 2019 पासून दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कारावास होऊ शकतो.

परंतु दंडाचे भय वाहतूक पोलिसाची शिट्टी ऐकू येते तेथपर्यंतच पुरते. त्यापुढे माणसाचा विवेकच उपयोगी पडतो. ज्या संताचे नाव या चौकाला दिले आहे, ते गाडगे महाराज हातात खराटा घेऊन गावोगावचे रस्ते झाडीत. दुसऱ्याची वाट स्वच्छ करणे ही त्यांची पूजा होती. दुसऱ्याची वाट मोकळी करणे हीसुद्धा तशीच एक पूजा आहे. सात रस्त्यावरच्या त्या मजुराने ती न बोलता केली.

स्वाध्याय

1. 'दादर टी. टी.' या नावात कोणती जुनी आठवण दडली आहे?
2. गोल चौक आणि लोकलचे दार यांत लेखकाने कोणते साम्य दाखविले आहे?
3. मजुराने गाडी मागे घेतल्यावर चौकात एकामागून एक काय घडले, ते क्रमाने लिहा.
4. तुमच्या शाळेजवळच्या नाक्यावर पंधरा मिनिटे पदपथावर उभे राहा. कोण कोणास वाट देतो, याचे निरीक्षण करून दहा ओळी लिहा.