इंग्रजीत धावते, मराठीत चालते

प्रश्न : 'हर फादर रन्स अ शॉप' या वाक्यात धावण्याचा काय संबंध? सातवीतल्या मुलीला 'रन' हे क्रियापद कसे समजावू?

उत्तर : तुमच्या मुलीचा गोंधळ अगदी रास्त आहे. 'रन' म्हणजे पळणे, एवढेच आपण शिकवतो. ऑक्सफर्डच्या थोरल्या कोशाच्या संपादकांनी मात्र या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ वेगळे काढले आहेत.

अर्थांची यादी पाठ करून घेऊ नका. तिला आधी मराठीतले 'चालणे' आठवायला सांगा. आपले घड्याळ चालते, यंत्र चालते, वडील दुकान चालवतात. इंग्रजीत या सगळ्या ठिकाणी 'रन' येते. सुरू असणे, थांबलेले नसणे हा गाभा दोन्हीकडे एकच.

प्रवाही वस्तूंना मात्र 'वाहणे' लागते : 'माय नोज इज रनिंग' म्हणजे नाक वाहतेय. निवडणूक अमेरिकेत 'रन' करतात. ब्रिटनमध्ये त्यासाठी 'स्टँड' वापरतात, आपल्या 'उभे राहणे'सारखेच!

खरी अडचण 'रन आउट ऑफ'ची. 'वी हॅव रन आउट ऑफ शुगर'. साखर संपली, पण वाक्याचा कर्ता 'आम्ही'. मराठीत साखर संपते, माणसे नाही. म्हणून मुले शब्दशः लिहायला गेली की अडखळतात. डबा उघडून दाखवा आणि तेव्हाच हे वाक्य म्हणायला लावा.

आणि 'हॅव'नंतर 'रॅन' नको, 'रन'च. ही चूक मोठ्यांच्याही तोंडी असते.